जांभळा ठिपका

दादा गेल्याला सात वर्षं झाली, पण त्याच्या कवळीचा आवाज मला पुन्हा ऐकू यायला लागला तो याच वर्षी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो, गुलाबी प्लास्टिकची हिरडी शिजवून काढतो, घासून चकचकीत करून परत पाठवतो. खाली कारखाना, वर घर. मी सतराची असताना दादाने मला या कामाला बसवलं. 'लग्नाचं नंतर बघू' असं म्हणता म्हणता ते नंतर राहूनच गेलं. त्याचं मला काही वाटत नाही. लग्न झालेल्या बायका जन्मभर एकाच माणसाचं तोंड बघतात, मी गावभरची बघितली, आणि तीही उलट बोलत नसलेली.

दादा स्वतःही पन्नाशीपासून वर-खाली कवळी लावायचा. स्वतःच्या हातची. विचारात पडला की जिभेने खालची कवळी उचलायचा आणि सोडायचा. टक्. वहिनी करवादायची, "अहो, माणसासारखे गप्प बसा की जरा." तो हसायचा, आणि हसता हसता पुन्हा टक्.

यंदा एका दुपारी अडीचच्या सुमाराला मी मेणात सुळे बसवत होते. घासायची मोटर बंद होती. आणि वरून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हातातला सुळा मेणात तिरका घुसला तो घुसलाच. वहिनी त्या वेळेला कवळी काढून झोपलेली असते. मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले. कान दिला. वर सगळं चिडीचूप. खिडकीची कडी असेल, असं स्वतःला बजावून मी परत येऊन बसले, पण त्या दिवशी पुढचं काम काही धड झालं नाही.

घाबरायला मला कारण होतं, ते आधीच सांगून टाकते. दादा तोंडाच्या कॅन्सरने गेला. आणि त्याला दवाखान्यात नेण्याआधीच्या चौदा महिन्यांत त्याची कवळी टोचते म्हणून मी ती अकरा वेळा घासून दिली होती. अकरा वेळा, याच हातांनी. हे वहिनीला माहीत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

*

आमची एक पद्धत आहे. कवळी टोचली की तोंडात जिथे जखम झाली असेल तिथे जांभळ्या पेन्सिलीने ठिपका लावायचा. ती पेन्सिल ओली झाली की रंग सोडते. मग कवळी तोंडात बसवायची, दाबायची, काढायची. ठिपका बरोबर कवळीवर उमटतो. तेवढी जागा मोटरवर घासली की झालं. माणूस हसत घरी जातो. दादाला या पद्धतीचा भारी अभिमान. तो म्हणायचा, "जखम झाली म्हणजे चूक कवळीची, आणि कवळी आपली. त्याच्यासाठी गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे परत पाठवायचं म्हणजे आपण आपल्याच तोंडाला काळं फासायचं." त्यामुळे आमच्याकडचं गिऱ्हाईक सहसा डॉक्टरकडे परत गेलं नाही. थेट आमच्याच पायऱ्या चढायचं.

पेन्सिल कारखान्यातल्या बेसिनशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली असे. ती गाठ दादाने मारलेली. त्या आठवड्यात बँडवाला आला. तो क्लॅरिनेट वाजवतो आणि आमच्या कवळीवर सगळ्या जगाचा राग काढतो.

"ताई, वरचा सा लावला की इथे असं कळवळतं म्हणून सांगू," म्हणत त्याने आ वासला.

मी खिळ्याकडे हात नेला. सुतळी होती, पेन्सिल नव्हती. गाठ कुणी तोडली नव्हती, शांतपणे सोडवलेली होती. बँडवाला तोंड उघडं टाकून बसलेला आणि मी त्या सुतळीकडे बघत उभी. शेवटी त्याने घशातून 'आँ?' असा सूर काढला, तेव्हा कुठे मी खोक्यातली नवी पेन्सिल काढली.

जखम तांदळाएवढी, लाल, तीन दिवसांची. मी घासून दिली आणि बजावलं, "दोन आठवड्यांत बरी नाही झाली तर इकडे यायचं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं."

"दादा असते तर पुन्हा घासून दिली असती," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण तो मुकाट्याने निघून गेला.

मग ती भुकटी. वरच्या बेसिनच्या कडेवर, आरशाखाली, बारीक गुलाबी भुकटी. आमच्या घरात प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे असते, उशीवर झटकली तरी निघते. पण गुलाबी भुकटी कवळी घासल्यावरच पडते, आणि घासायचं काम खालच्या कोपऱ्यातच होतं. वर कोण कवळी घासणार? त्याच जागी स्टुलावर बसून दादा दाढी करायचा. मी ओल्या फडक्याने ती पुसून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा होती.

आता हसू येतं, पण तेव्हा खरंच माझ्या मनात आलं, की दादा परत आलाय आणि त्याची कवळी स्वतःच घासतोय. माझ्यावर त्याचा विश्वास उरला नसेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

*

त्याच्या कवळीचं असं झालं होतं. खालच्या डाव्या बाजूला, जिभेकडच्या अंगाला टोचतं म्हणाला. पंधरा वर्षं वापरलेली सैल कवळी, तिच्याखालची हिरडी कायम लालभडक सुजलेली, आणि वर त्याची सिगारेट. नवी करू म्हटलं तर, "ही जिवाभावाची आहे." मी म्हणायचे, दाखव तोंड. तो म्हणायचा, "तोंडात काय बघायचंय? ठिपका बघ." आणि वरून येतानाच तो जांभळा ठिपका उमटलेली कवळी माझ्या हातात द्यायचा. मला वाटायचं, हा आरशात बघून लावतो.

पहिल्या खेपेला ठिपका मोहरीएवढा होता. मी घासली. त्याला तीन आठवडे बरं वाटलं. मग मसुराएवढा. घासली. मग पावट्याएवढा. मी काय समजले? की कवळी जास्त टोचतेय, म्हणजे जास्त घासायला हवी. दुसऱ्या कुणालाही आधी तोंडाची शंका आली असती. आम्हाला कवळीची आली. तीस-पस्तीस वर्षं ठिपके वाचायची सवय लागलेल्या बाईला ठिपका दिसला, त्यामागचा माणूस दिसला नाही. मी जेवढी जागा करून देत होते, तेवढी ते दुखणं भरून काढत होतं. अकराव्या वेळी मोटरचं टोक कवळीतून आरपार गेलं. भोक पडलं. तेव्हा मी घाबरून त्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "कवळीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. अशी कायमची सूज असली की धोका वाढतो, सिगारेटने आणखी वाढतो. पण कवळीमुळे एक नक्की झालं. उशीर झाला."

त्यांनी दादाचा अर्धा जबडा काढला. पाच महिन्यांनी दादाच गेला. व्हरांड्यातलं ते बोलणं मी वहिनीला कधी सांगितलं नाही. ती भोक पडलेली कवळी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मेणाच्या खणात तळाशी ठेवली, आणि सात वर्षं त्या खणातलं मेण मी वरवरचंच उचलत राहिले.

*

पुढच्या वेळी आवाज आला तेव्हा मी चपला काढल्या आणि अनवाणी जिना चढले. भूत असेल तर असो, एकदा तोंड तरी बघू म्हटलं.

बेसिनसमोर वहिनी उभी होती. माझ्याकडे पाठ. एका हातात तिची खालची कवळी, दुसऱ्या हातात नखं घासायची कानस. खसखस घासत होती. मग तिने कवळी तोंडात बसवली आणि जमतेय का ते बघायला दोन्ही दंतपंक्ती एकमेकींवर आपटल्या. टक्.

आरशाखालच्या फळीवर दादाची पेन्सिल. आणि वहिनीचे ओठ जांभळे.

तिने आरशात मला बघितलं. एखादी चोरी पकडली जावी तशी तिची मान खाली गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काही नाही हो वन्सं, उगीच जरासं टोचतंय."

"कधीपासून, विचारलं मी."

"नातीच्या वाढदिवसाचा फोन आला होता ना, तेव्हापासून."

म्हणजे चार महिने. मी तिथल्या स्टुलावर बसले, दादाच्या.

वहिनीच्या तोंडाचं मला माहीत होतं. तिच्या दोन्ही गालांना आतून पांढरी नक्षी आहे, पातळ जाळीसारखी. मधूनमधून तिथे सोलवटतं, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. दहा वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरीणबाईंनीच ते ओळखलं होतं. लायकेन प्लेनस असं काहीतरी नाव सांगितलं होतं. हा कॅन्सर नव्हे, याची लागण होत नाही, पण हा मुळापासून जातही नाही. शंभरातल्या एखादीला पुढे त्रास होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत जा, असं सांगितलं होतं. वहिनी दोनदा गेली. मग दादाचं सुरू झालं, आणि नंतर ती त्या खुर्चीत कधी बसलीच नाही. मीही आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

"तुमच्या हाताला सफाई आहे," वहिनी कवळी पुढे करत म्हणाली. "माझ्याने मेलं वेडंवाकडं होतंय. द्या जरा घासून."

मी कवळी घेतली. उजवीकडे आतल्या अंगाला मसुराएवढा जांभळा ठिपका. दादाचा डावीकडे होता, फरक काय तो एवढाच. त्याच्याभोवती कानशीचे ओरखडे. तिनेही जागा करून द्यायला सुरुवात केली होती.

"मी घासणार नाही. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं."

"त्या खुर्चीत मी बसायची नाही."

"वहिनी, हे बरं दिसत नाही."

"यांना देत होतात ना घासून?" ती एकदम म्हणाली. "एका शब्दाने विचारत नव्हतात. मग मलाच का नाही?"

कवळी तिच्या हातात परत दिली. मी खाली निघून आले. भूत नव्हतं हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या जिन्यावर वाटलं.

*

तीन दिवस आमच्यात अबोला. म्हणजे ती बोलत होती, मीठ आणू का, पाणी आलं का, एवढंच. कवळी कुठेतरी लपवून ठेवली होती आणि नुसतं सूप पीत होती. मी एकदा 'तुझ्या मुलाला फोन करते' अशी धमकी देऊन बघितली. "खुशाल करा," ती म्हणाली, "मी सांगेन आत्याला हल्ली भास होतात." माझी वहिनी गरीब गाय वगैरे आहे असं नात्यातल्यांना वाटतं. त्यांनी तिच्याशी कधी भांडून बघितलेलं नाही.

आणि मला दिसत होतं. सूप पितानाही ती घोट उजवीकडून डावीकडे वळवत होती. दादाही असाच मान तिरकी करून चहा प्यायचा. मी समोर बसून तिचं गिळणं मोजत होते. आणखी थांबले तर ही जाईल, आणि हिला पाठवायचं तर मला सगळं सांगावं लागेल. सांगितलं की ही माझं तोंड बघणार नाही. त्या घरात आम्ही दोघीच. तिने पाठ फिरवली तर मी संध्याकाळी वर कुणाकडे जायचं? खरं सांगते, मरणाची भीती तिच्यासाठी होती आणि एकटं पडायची माझ्यासाठी, आणि तीन दिवस मी दोन्ही तोलत बसले होते. याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी मेणाचा खण उपसला आणि ते फडकं घेऊन वर गेले. वहिनी जेवणाच्या टेबलावर पालेभाजी निवडत होती. मी फडकं तिच्यासमोर सोडलं.

तिने कवळी ओळखली. हात मात्र लावला नाही.

"मी ही अकरा वेळा घासली," मी म्हटलं. "तो सांगायचा टोचतंय, मी घासायचे. तोंड एकदाही बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या-दुसऱ्या वेळीच दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मला म्हणाले, एकटीला. मी तुला सांगितलं नाही. माझ्यामुळे उशीर झाला, वहिनी. आता काय ते बोल मला, पण डॉक्टरकडे चल."

वहिनीने हात पदराला पुसले. कवळी उचलली आणि खिडकीकडे धरली. भोकाच्या भोवती हिरडी इतकी पातळ झाली होती की ऊन आरपार येत होतं. तिच्या गालावर गुलाबी कवडसा पडला.

मग म्हणाली, "ठिपका मी लावत होते."

मला आधी समजलंच नाही.

"यांना आरशात दिसायचं नाही एवढं आतलं. खालची पेन्सिल सोडवून वर आणायचे, त्या स्टुलावर बसायचे, मान मागे करून. मी चमच्याच्या दांड्याने जीभ बाजूला धरायची आणि ठिपका लावायची. पहिल्यांदा टोक टेकवलं की झालं. मग मोठं झालं. शेवटी शेवटी ठिपका नव्हते लावत, भोवती गोल काढत होते. कडा टणक लागायची पेन्सिलीला. हे पाय आपटायचे, पण ओरडायचे नाहीत, खाली तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

"तू बघत होतीस?"

"दर वेळी."

"आणि बोलली नाहीस?"

"मला काय कळतंय, वन्सं? मला वाटलं, ठिपका तुमच्याकडे जातोय. तुम्ही या धंद्यातल्या. काही वावगं असतं तर तुम्ही बोलला असतात. तुम्ही घासून देत होतात, म्हणजे घासण्यासारखंच असेल."

आणि मी? मला वाटत होतं, तोंडाचं तो बघतोय, आपण कवळीचं बघावं. तिने तोंड बघितलं आणि ठिपक्यावर भरवसा टाकला. मी ठिपका बघितला आणि तोंडावर भरवसा टाकला. मध्ये बारा पायऱ्यांचा जिना. चौदा महिन्यांत दोघींपैकी एक जरी तो चढून-उतरून एवढंच विचारती, की काय गं, तुला काय दिसतंय, तर?

मला आधी दुःख नाही झालं, राग आला. सात वर्षं मी ते ओझं एकटीने वाहिलं, आणि अर्धं हिच्याकडे होतं! रात्र रात्र तळमळले, आणि भिंतीपलीकडे हीसुद्धा त्याच पायी जागी होती. मी तिला काहीतरी लागट बोलणार होते. पण तिच्याकडे बघितलं तर ती दातांशिवायचे ओठ आत ओढून, आवाज न करता रडत होती, आणि ओठांवर अजून थोडा जांभळा रंग होता. माझाच बांध फुटला. पालेभाजीच्या ढिगावर आम्ही दोघी म्हाताऱ्या ढसाढसा रडलो.

शेवटी तिने नाक पुसलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. "तू बघ," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं.

तिने आ केला. मी टॉर्च धरली. गालांवर ती पांढरी नक्षी होती. उजवीकडे हिरडीच्या आतल्या अंगाला लाल चट्टा, मधे खोलगट. मी हात धुऊन बोट लावलं. जन्मभर प्लास्टरच्या हिरड्या चाचपल्या, त्या सगळ्या टणकच असतात. खरी हिरडी मऊ असते. ही एका कडेला मऊ नव्हती.

"काय आहे?" तिने विचारलं.

"मला कळत नाही," मी म्हटलं. "मला कवळीतलं कळतं, तोंडातलं नाही."

हे वाक्य मी दादाच्या वेळीच म्हणायला हवं होतं. ती उठली आणि बाहेर जायची साडी काढायला गेली.

*

डॉक्टरीणबाई चणीने एवढ्याशा, पण बोलायला फटकळ. माझ्या हातच्या कवळ्या वीस वर्षं पेशंटांना लावतात आणि आजवर एकदाही छान म्हणाल्या नाहीत. त्यांनी वहिनीची जीभ कापडाच्या घडीत धरून कोपरा न् कोपरा बघितला. मान चाचपली.

"इतकी वर्षं कुठे होतात?" त्यांनी विचारलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

जागा बधिर करून त्यांनी चट्ट्याच्या कडेचा बारीक तुकडा काढला, एक टाका घातला. म्हणाल्या, "नुसती कवळीची जखम असती तर कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत भरली असती. वर्षानुवर्षं जिथे सूज असते, तिथलं कातडं सारखं झडतं आणि सारखं नवं येतं. एवढी डागडुजी करताना कधीतरी काम बिघडतं. बहुतेकांचं बिघडत नाही. तुमचं काय झालंय ते तुकडा सांगेल. बुधवारी या. आणि तोपर्यंत ही कवळी तोंडात दिसता कामा नये."

ती कवळी मी खाली माझ्या टेबलावर वाटीत पाणी घालून ठेवली. ते आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. बँडवाला येऊन जखम भरल्याचं सांगून गेला आणि मला त्याचा हेवा वाटला. दुपारी मोटर बंद केली की मी कान टवकारायचे. वर वहिनी दातांशिवाय, खाली कवळी पाण्यात. काहीही आवाज यायचा नाही.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा-सुलटा करून वाचला, चष्मा काढला, आणि चक्क हसल्या.

"पेशी बिघडायला लागल्यात. बऱ्यापैकी बिघडल्यात. पण वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. याला अजून कॅन्सर म्हणत नाहीत. तेवढी जागा मोठ्या दवाखान्यात काढून घ्यायची, लहानसं ऑपरेशन आहे. नंतर दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं, जन्मभर, सबबी चालणार नाहीत." मग वहिनीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आणखी वर्षभर घासत बसला असतात तर जबडा गेला असता. वेळेत आलात."

मी देवाचे आभार मानायला हवे होते. मानलेही. पण ते 'वेळेत' माझ्या छातीत रुतलं. वहिनीचा हात माझ्या हातात होता, तो आवळला गेला त्यावरून तिलाही ते लागलं हे मला कळलं.

दवाखान्याचा जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली.

"वेळेत, म्हणाल्या त्या."

"हो."

"म्हणजे वेळ असते. मला वाटायचं, हा रोग मुळी कुणाला वेळ देतच नाही. तेवढ्यावरच मी इतकी वर्षं काढली."

ती आणखी एक पायरी उतरली.

"यांनाही होती," ती म्हणाली.

"होती," मी म्हटलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला जेवायला बसलो. मीही सूपच घेतलं, उगीच तिच्यासमोर काही चावत बसायला नको म्हणून. दादाची कवळी तिने फडक्यात पुन्हा गुंडाळू दिली नव्हती. ती खाली माझ्या टेबलावर उघडी होती, वहिनीच्या वाटीशेजारी.

खालून आवाज आला. टक्.

वहिनीचा चमचा हवेतच थांबला. तिच्या तोंडात दात नव्हते. कारखान्याला मी स्वतः कुलूप लावून आले होते.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं."

तिने चमचा खाली ठेवला, जिन्याकडे तोंड केलं आणि पूर्वी त्याला दटावायची तसल्या आवाजात म्हणाली, "अहो, या वेळी दाखवलं हो आम्ही."

मग आम्ही दोघी कान देऊन बसलो. सूप निवून गेलं. खालून पुन्हा काही ऐकू आलं नाही, आणि ते पुन्हा ऐकू यावं असं मला वाटत होतं.